गंधक तोडल्यावर मिळालेला हायड्रोजन: क्लॅमिडोमोनसच्या बाटलीचा प्रकरण अभ्यास

सन २००० च्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले अ‍ॅनास्टासिओस मेलिस आणि कोलोराडोमधल्या अमेरिकी राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतले मारिया घिरार्डी व मायकेल सायबर्ट यांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. क्लॅमिडोमोनस राइनहार्टी हे एकपेशीय हरित शैवाल गंधक नसलेल्या द्रावणात घालून बाटली घट्ट बंद केली आणि उजेडात ठेवली, तर साधारण एका दिवसाने त्यातून हायड्रोजन निघू लागतो आणि पुढचे तीन-चार दिवस निघत राहतो, असे त्यांनी दाखवले. त्याआधी जवळपास साठ वर्षे, प्राणवायू बाहेरून सतत काढून टाकला नाही तर, हाच वायू उजेडात काही सेकंद, फार तर काही मिनिटे मिळत होता आणि थांबत होता.

शैवालापासून हायड्रोजन मिळवण्यातले जवळजवळ सगळे प्रश्न या एका बाटलीत सापडतात. नेमके काय साधले, त्याची किंमत कोणी मोजली आणि पुढच्या संशोधनाने यातून कोणता धागा उचलला, हे तिच्यातल्या घडामोडी क्रमाने पाहिल्या की कळते.

साठ वर्षांची अडचण

हरित शैवाल हायड्रोजन बनवू शकते, हे हान्स गॅफ्रॉन यांनी दाखवले. १९३९ साली त्यांना आढळले की प्राणवायूविना ठेवलेले शैवाल हायड्रोजन वापरू शकते. १९४२ मध्ये रुबिन यांच्यासोबत केलेल्या कामात उलट बाजूही दिसली: अंधारात, प्राणवायू नसताना काही तास राहिलेले सेनेडेस्मस हे शैवाल उजेडात आणले की हायड्रोजन सोडते. हे काम करणाऱ्या एन्झाइमला हायड्रोजनेज म्हणतात. त्याच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात, आणि प्रोटॉन व इलेक्ट्रॉन जोडून हायड्रोजन बनवण्याचा त्याचा वेग थक्क करणारा आहे. हरित शैवालातल्या प्रकाराचा एक रेणू सेकंदाला हजारो वेळा ही क्रिया करू शकतो, आणि त्यासाठी प्लॅटिनमसारखा महाग धातू लागत नाही.

अडचण अशी की हे एन्झाइम प्राणवायूने निकामी होते, आणि शैवालाला इलेक्ट्रॉन मिळतात ते पाणी फोडून. पाणी फुटले की प्राणवायू तयार होणारच. इलेक्ट्रॉनचा प्रवास पाहिला की हा पेच स्पष्ट होतो. फोटोसिस्टिम-२ हे प्रथिनसंकुल उजेडाच्या जोरावर पाणी फोडते. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून फोटोसिस्टिम-१ पर्यंत जातात, तिथे पुन्हा प्रकाशाची ऊर्जा घेतात आणि फेरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाकडे पोहोचतात. फेरेडॉक्सिन ते हायड्रोजनेजला देऊ शकते. म्हणजे एकाच हरितलवकात साखळीच्या एका टोकाला प्राणवायू तयार होतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच प्राणवायूने मरणारे एन्झाइम बसलेले असते.

यावर निरनिराळे उपाय झाले. १९७३ मध्ये बेनेमन आणि सहकाऱ्यांनी पालकाची हरितलवके, फेरेडॉक्सिन आणि क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे हायड्रोजनेज एकत्र करून पाण्यातून हायड्रोजन मिळतो हे परीक्षानळीत दाखवले, पण थोड्याच वेळापुरते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत इलियास ग्रीनबॉम यांनी शैवालाच्या द्रावणातून निष्क्रिय वायूचा झोत सतत सोडून प्राणवायू बाहेर काढला. हायड्रोजन मिळत राहिला, मात्र तो झोत सोडायलाच ऊर्जा खर्चावी लागते आणि हाती येणारा हायड्रोजन अतिशय विरळ असतो. प्राणवायू आणि हायड्रोजन एकाच भांड्यात साठणे धोक्याचेही आहे, कारण हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळलेला असेल तर ते मिश्रण पेट घेऊ शकते.

गंधकच का?

या प्रयोगाचे मूळ इंधनाच्या संशोधनात नाही, पेशींच्या उपासमारीच्या अभ्यासात आहे. १९९८ मध्ये वायकॉफ, डेव्हिस, मेलिस आणि ग्रॉसमन यांनी गंधक किंवा फॉस्फरस न मिळालेल्या क्लॅमिडोमोनसच्या प्रकाशसंश्लेषणाचे काय होते ते मोजले होते. गंधक तोडले की फोटोसिस्टिम-२ चे काम हळूहळू ढासळते. श्वसन मात्र बराच काळ चालू राहते.

फोटोसिस्टिम-२ मधले डी-१ हे प्रथिन उजेडात सतत खराब होते. तीव्र प्रकाशात तासाभराच्या आत त्याचा मोठा हिस्सा बदलावा लागतो. नवे डी-१ घडवायला मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले हवीत. गंधकच नसेल तर दुरुस्ती थांबते आणि पाणी फोडण्याची क्षमता दिवसभरात उतरते.

इथे एक बारकावा आहे. पेशी निव्वळ कच्चा माल संपला म्हणून थांबत नाही, ती स्वतःही हात आखडता घेते. सॅक-१ नावाचे जनुक बिघडलेले शैवाल गंधकाविना उजेडात ठेवले तर ते मरते, आणि प्रकाशसंश्लेषणाची साखळी डीसीएमयू या रसायनाने तोडली तर जास्त काळ टिकते. याचा अर्थ असा की उपासमारीत पाणी फोडणे कमी करणे ही निरोगी पेशीची जीव वाचवण्याची योजना आहे. मेलिस यांच्या गटाने याच योजनेचा उपयोग करून घेतला. एन्झाइमला प्राणवायू सोसायला शिकवण्याऐवजी त्यांनी प्राणवायूच कमी करवला, तोही पेशीकडूनच. या कल्पनेबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

बाटलीतले पाच दिवस

शैवाल आधी अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, इथे शैवालाचे अन्न) असलेल्या नेहमीच्या द्रावणात वाढवले जाते. मग पेशी अपकेंद्रण करून वेगळ्या काढतात, धुतात आणि ज्यात सल्फेटऐवजी क्लोराइड क्षार घातले आहेत अशा द्रावणात सोडतात. बाटली बंद करून प्रकाशात ठेवतात. निघणारा वायू नळीतून पाण्यावर उलट्या ठेवलेल्या मोजपात्रात गोळा होतो.

पहिल्या दिवशी पेशींची वाढ थांबते, पण प्रकाशसंश्लेषण अजून पुरते थांबलेले नसते. तयार झालेले अन्न नवी प्रथिने घडवायला वापरता येत नाही, म्हणून ते स्टार्चच्या रूपात साठते आणि पेशी फुगतात. याच काळात फोटोसिस्टिम-२ ढासळत जाते. साधारण चोवीस तासांच्या सुमारास प्राणवायू तयार होण्याचा वेग श्वसनाच्या वेगाखाली येतो. बाटली बंद असल्याने उरलेला प्राणवायू पेशीच खाऊन टाकतात. द्रावण प्राणवायूरहित होते, हायड्रोजनेज तयार होऊ लागते आणि मोजपात्रात पहिले बुडबुडे दिसतात.

सुरुवातीचा वेग लिटरभर द्रावणामागे तासाला २ ते २.५ मिलिलिटर असतो. तो दोनेक दिवस टिकतो, मग मंदावतो. एकूण हायड्रोजन लिटरमागे साधारण १४० मिलिलिटरच्या घरात जातो. शेवटाकडे साठलेला स्टार्च उतरलेला असतो, प्रथिनेही बरीच घटलेली असतात. पुन्हा गंधक दिले तर पेशी सावरतात, आणि चक्र परत सुरू करता येते.

प्राणवायू आणि हायड्रोजन अशा रीतीने एकाच भांड्यात, पण वेगवेगळ्या वेळी तयार झाले. वायूचा झोत लागला नाही, स्फोटक मिश्रणाची भीती राहिली नाही आणि मिळालेल्या वायूत बहुतांश हायड्रोजनच होता. या यशाचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

इलेक्ट्रॉन कुठून आले?

आता हिशेबाकडे येऊ. हायड्रोजन निघत असताना डीसीएमयू घातले, म्हणजे फोटोसिस्टिम-२ कडून येणारा इलेक्ट्रॉनांचा पुरवठा तोडला, तर हायड्रोजनाचा वेग बराच पडतो. त्यावरून दिसते की बहुतांश इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत पाण्यातूनच येत होते. फोटोसिस्टिम-२ थोडेसे जिवंत होते आणि पाणी फोडत होते. थोडा हिस्सा साठलेल्या स्टार्चमधून साखळीत शिरत होता. या निरीक्षणाच्या आधारे ‘सूर्यप्रकाश आणि पाण्यापासून हायड्रोजन’ असे वर्णन केले जाते.

मला ते वर्णन अपुरे वाटते. पाण्याचे दोन रेणू फुटले की हायड्रोजनाचे दोन रेणू आणि प्राणवायूचा एक रेणू मिळतो. बाटली बंद आहे, त्यामुळे तो प्राणवायू पेशीला श्वसनात संपवावाच लागतो. प्राणवायूचा एक रेणू संपवायला कर्बोदकातला एक कार्बन जाळावा लागतो आणि एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन्ही क्रियांची बेरीज केली तर पाण्याच्या जोडीला अन्नातला एक कार्बन खर्च होऊन हायड्रोजनाचे दोन रेणू मिळतात. सहा कार्बनच्या ग्लुकोजला लावून पाहिले तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे बारा हायड्रोजन. ग्लुकोज पूर्ण मोडून मिळू शकणारा कमाल हायड्रोजन नेमका एवढाच असतो.

इलेक्ट्रॉन पाण्यातून आले हे खरेच आहे, पण अख्ख्या बाटलीचा ताळेबंद मांडला तर खर्च झाले ते अन्न. त्यातला काही भाग पहिल्या दिवशी उजेडाने बनवलेला स्टार्च होता आणि काही भाग बाहेरून घातलेले अ‍ॅसिटेट. अ‍ॅसिटेट विकत आणलेले असेल तर त्यातली ऊर्जाही हिशेबात धरायला हवी.

याच ताळेबंदाची दुसरी बाजू उत्साह वाढवणारी आहे. अंधारात किण्वन करणारे जिवाणू ग्लुकोजच्या एका रेणूतून जास्तीत जास्त चार हायड्रोजन काढू शकतात. बाकीची ऊर्जा अ‍ॅसिटेटमध्ये अडकून राहते, आणि उजेडासारख्या बाहेरच्या ऊर्जेच्या मदतीशिवाय ती हायड्रोजनाच्या रूपात सोडवता येत नाही. शैवालाकडे, आणि नायट्रोजनेज (हवेतला नायट्रोजन बांधणारे एन्झाइम) वापरणाऱ्या जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंकडेही, ही मदत आहे. त्यामुळे सांडपाण्यात किंवा किण्वनाच्या उरलेल्या द्रावणात अ‍ॅसिटेट फुकट मिळत असेल, तिथे या बाटलीचा विचार वेगळ्या नजरेने करता येतो. तिचे काम तिथे टाकाऊ द्रव्यातली उरलेली ऊर्जा सोडवणे हे असेल.

किती ऊर्जा?

१४० मिलिलिटर हायड्रोजनात साधारण १.५ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवायला ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे एक लिटर शैवालाने पाचेक दिवसांत दिलेल्या हायड्रोजनाने तेवढेच पाणी तापवले, तर ते अंशाच्या सुमारे एक तृतीयांशाने गरम होईल. १ किलो हायड्रोजन साध्या दाबाला ११ ते १२ हजार लिटर जागा व्यापतो. तेवढ्यासाठी एका फेरीत सुमारे ८० हजार लिटर द्रावण लागेल.

शिवाय द्रावण ढवळावे लागते. बंद प्रकाशभांड्यांत घनमीटरमागे ५० वॅट हा ढवळण्याचा खर्च फार मानला जात नाही. चार दिवसांचे त्याचे गणित लिटरमागे १७ किलोज्यूल होते, मिळालेल्या ऊर्जेच्या दहापटीहून अधिक. अपकेंद्रणाचा आणि भांड्यांचा खर्च मी अजून धरलेलाच नाही.

प्रकाशाचे हायड्रोजनात रूपांतर होण्याची कार्यक्षमता या पद्धतीत १ टक्क्याच्याही खाली राहते. सिद्धांतानुसार शैवालाची कमाल मर्यादा १० ते १३ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. सौर पटलाची कार्यक्षमता २० टक्के आणि विद्युत अपघटनाची, म्हणजे विजेने पाणी फोडण्याची, ७० टक्के धरली, तर आजची उपकरणे १४ टक्के देतात. त्यामुळे ‘शैवाल लवकरच स्वस्त हायड्रोजन देईल’ असे म्हणणाऱ्याने या आकड्याचे उत्तर आधी द्यावे. केवळ हायड्रोजन हवा म्हणून आज कोणी मोठे शैवाल तळे उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे काय सुधारले

या निबंधानंतर जगभर त्याच पद्धतीला धार लावण्याचे प्रयत्न झाले. २००५ मध्ये ओलाफ क्रूझे आणि बीलेफेल्ड व क्वीन्सलंड विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांनी एसटीएम-६ हे उत्परिवर्तित वाण मांडले. या पेशींत स्टार्च जास्त साठतो आणि इलेक्ट्रॉनांचे फोटोसिस्टिम-१ भोवती गोल फिरणे रोखलेले असते. तिथे १० ते १४ दिवसांत लिटरमागे ५४० मिलिलिटरपर्यंत हायड्रोजन मिळाला. वरच्या मापाने हे पाण्याचे तापमान १.४ अंशाने वाढवण्याइतके आहे. वाढ मोठी आहे, तरी ढवळण्याचा खर्च भागत नाही.

मेलिस यांनी दुसरी बाजू धरली. भरदुपारच्या उन्हात वरच्या थरातल्या पेशी गरजेहून किती तरी जास्त प्रकाश शोषतात आणि तो उष्णतेत वाया घालवतात, तर खालच्या थरातल्या पेशी अंधारात राहतात. म्हणून हरितद्रव्याचे प्रकाश पकडणारे जाळे लहान केलेली वाणे त्यांनी तयार केली. दोन टाक्या जोडून, एकीत मोजका सल्फेट देत पेशी वाढवायच्या आणि दुसरीत हायड्रोजन घ्यायचा, अशी अखंड चालणारी रचनाही झाली. ती महिनोन्महिने चालली, वेग मात्र कमी राहिला. इटलीत फ्लॉरेन्सजवळ ५० लिटरच्या नळ्यांच्या भांड्यात उघड्या उन्हात हाच प्रयोग केला गेला, तेव्हा उत्पादन प्रयोगशाळेपेक्षा बरेच खाली आले.

हे सगळे प्रयत्न प्राणवायू हाच मुख्य शत्रू आहे असे धरून चालले होते. दरम्यान एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड राहिली. गंधक तोडल्यावर पेशीतले रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणारे एन्झाइम, झपाट्याने नाहीसे होते. हे २००२ च्या सुमारासच नोंदले गेले होते. उपासमारीने प्राणवायू तर कमी केलाच, शिवाय हायड्रोजनेजचा सर्वांत मोठा स्पर्धकही बाजूला केला. एरवी फेरेडॉक्सिनकडचे इलेक्ट्रॉन कार्बन बांधणाऱ्या केल्विन चक्राकडे जातात. पेशीच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण हायड्रोजन सोडून देणे म्हणजे कमावलेली ऊर्जा फेकणे.

हा धागा २०१८ मध्ये दोन ठिकाणी पकडला गेला. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात सर्गेई कोसूरोव्ह, यागुत अल्लाव्हेर्दियेवा आणि सहकाऱ्यांनी प्राणवायूरहित केलेल्या, पण पूर्ण पोषण मिळालेल्या क्लॅमिडोमोनसवर प्रकाशाचे ठोके दिले: एक सेकंद उजेड, नऊ सेकंद अंधार. केल्विन चक्राची एन्झाइमे उजेडात जागी व्हायला वेळ घेतात. एका सेकंदात ती जागी होत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉन हायड्रोजनेजकडे जातात. अंधाराच्या नऊ सेकंदांत थोडासा प्राणवायू श्वसनात संपतो. गंधक न तोडता, पेशी उपाशी न ठेवता, हायड्रोजन तीन दिवसांपर्यंत मिळत राहिला. हंगेरीत सेगेड इथल्या गटाने कार्बन डायऑक्साइड आणि अ‍ॅसिटेट दोन्ही बंद करून केल्विन चक्र उपाशी ठेवले आणि प्राणवायू लोहक्षाराच्या शोषकाने उचलला. इथे पेशीने अन्न जाळण्याची गरज उरत नाही, त्यामुळे वरच्या ताळेबंदातली मोठी त्रुटी भरून निघते. शोषक मात्र संपतो आणि बदलावा लागतो.

२०२० मध्ये अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या केव्हिन रेडिंग यांच्या गटाने आणखी थेट मार्ग घेतला. त्यांनी हायड्रोजनेज फोटोसिस्टिम-१ च्या अंगालाच जोडून टाकले. इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनपर्यंत पोहोचण्याआधीच हायड्रोजनेजच्या हाती पडतात, आणि स्पर्धेचा प्रश्नच बदलतो. प्राणवायूचा प्रश्न शिल्लक राहतो. प्राणवायू सोसणारी हायड्रोजनेज निसर्गात आहेत, उदाहरणार्थ क्युप्रिआव्हिडस नेकेटर या जिवाणूत. पण ती निकेल-लोहाची असतात आणि त्यांचा ओढा हायड्रोजन बनवण्यापेक्षा वापरण्याकडे जास्त असतो.

या प्रकरणातून घ्यायचे निर्णय

आज कोणी या क्षेत्रात नवा प्रयोग आखत असेल, तर गंधक तोडण्याची पद्धत पुन्हा थोडी सुधारून पाहण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. उपाशी पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही, आणि दुरुस्ती करण्याची, स्वतःच्या प्रती काढण्याची ताकद हेच तर जिवंत उत्प्रेरकाचे सौर पटलापेक्षा मोठे बळ आहे. ते बळ बांधून ठेवून मिळवलेला हायड्रोजन अभ्यासाला उत्तम, उत्पादनाला कमकुवत. श्रम आणि पैसा जायला हवा तो पोषण पूर्ण ठेवून इलेक्ट्रॉन वळवण्याकडे: ठोक्यांचा प्रकाश, जोडलेले हायड्रोजनेज, कमी केलेले केल्विन चक्र.

प्रकाशाचे ठोके उन्हात द्यायचे कसे, हा अभियांत्रिकीचा प्रश्न अजून खुला आहे. दर दहा सेकंदांतले नऊ सेकंद ऊन अडवले तर नव्वद टक्के ऊर्जा तशीच सोडून दिली जाते. पेशीच पाळीपाळीने उजेड-अंधारातून फिरतील असा पातळ थरांचा प्रवाह बनवला तर हा तोटा टळू शकतो, पण मग ढवळण्याचा खर्च पुन्हा समोर येतो. म्हणून या विषयावरच्या प्रत्येक निबंधात तीन आकडे एकत्र यावेत असा माझा आग्रह आहे: चौरस मीटरमागे रोज किती हायड्रोजन मिळाला, बाहेरून घातलेल्या अ‍ॅसिटेटमध्ये किती ऊर्जा होती आणि ढवळण्यात किती गेली. फक्त लिटरमागचे मिलिलिटर सांगणाऱ्या निकालांची एकमेकांशी तुलनाच होत नाही. थर किती जाड होता यावर तो आकडा सहज दुप्पट किंवा निम्मा दिसू शकतो.